बासष्ट मिलिमीटरची ढगफुटी

जिल्ह्याचा हवामान बदल कृती आराखडा करायच्या समितीवर मला घेतलं, तेव्हा मला निवृत्त होऊन जेमतेम चार महिने झाले होते. तेवढ्या अवधीत मी घरातल्या फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा लिहून ठेवायला लागले होते आणि शेजारच्या बिल्डिंगच्या टाकीतून रोज किती पाणी ओसंडून वाया जातं, याचा तक्ता त्यांच्याच फलकावर लावून आले होते. त्यामुळे समितीचं पत्र आलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद नवऱ्याला झाला. तो शाळेत इतिहास शिकवायचा. "जा," तो म्हणाला, "आता सगळ्या जिल्ह्याला कळू दे मी काय सोसलं ते."

तीस वर्षं मी शेतकी कॉलेजात हवामानशास्त्र शिकवलं. मुलं मला माघारी 'कमी दाबाचा पट्टा' म्हणायची, कारण मी वर्गात शिरले की पाठोपाठ गडगडाट होणार हे ठरलेलं. मला त्या नावाचा राग नव्हता. शास्त्रीयदृष्ट्या ते बरोबर होतं.

समितीत विज्ञानाची मी एकटीच. बाकीचे सगळे अनुभवाचे. दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार होते, त्यांना आराखड्याची सुरुवात गारपिटीपासून व्हायला हवी होती. कळवणच्या एकांना ती कांद्याच्या चाळीपासून हवी होती. मालेगाव-नांदगावच्या बाजूची जी खरी कोरडी गावं, तिथलं कुणीच नव्हतं. तिथून नाशिकला यायचं तर पहाटेची बस धरावी लागते, आणि बैठक रद्द झाल्याचा निरोप बस निफाड ओलांडून आल्यावर मिळतो. दोनदा असं झाल्यावर तिकडचे सदस्य यायचे बंद झाले. त्यांचा दुष्काळ आमच्या टेबलावर कागदाच्या रूपानेच यायचा.

आणि तो कागद भलताच होता. टंचाईच्या यादीत कुठलं गाव घालायचं आणि कुणाकडे टँकर पाठवायचा, हे पावसाच्या नोंदवहीवरून ठरायचं. आणि नोंदवही कशावरून लिहिली जायची, हे विचारण्याची सोय नव्हती. एका गावात तर महिनाभर रोज सारखाच पाऊस पडलेला होता, रविवार सोडून. मी ती वही बैठकीत नाचवली आणि माझं ते प्रसिद्ध भाषण केलं. माणूस चुकतो, माणूस खोटं बोलतो, माणसाला रविवारची सुट्टी असते. यंत्राला यातलं काही नसतं. निर्णय विज्ञानाने व्हायला हवेत. गावात स्वयंचलित पर्जन्यमापक बसवा, सलग तीन आठवडे पावसाचा खंड पडला की गावाचं नाव आपोआप यादीत जाऊ दे आणि टँकर सुरू होऊ दे. अर्ज नको, विनवण्या नकोत, पुढाऱ्याची चिठ्ठी नको.

समितीचे सचिव म्हणजे आमचे साहेब. पस्तिशीचे, अतिशय सभ्य, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "बरोबर आहे मॅडम, पण" अशी करणारे. ते म्हणाले, "बरोबर आहे मॅडम, पण यंत्र चुकलं तर?"

"यंत्र चुकत नाही," मी म्हणाले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय.

प्रयोगादाखल पूर्वेकडच्या काही गावांत यंत्रं बसली. त्यातल्या एका गावात उद्घाटनाला मी स्वतः गेले होते, कारण तिथल्या सरपंचबाईंनी ते यंत्र भांडून मिळवलं होतं. पंचायतीतल्या पुरुषमंडळींना त्या जागी उंच खांबावरचा मोठा दिवा हवा होता. बाईंनी सांगितलं की अंधारात पडलं तर माणूस उठतो, यादीतून पडलं तर उठत नाही. चाळिशीच्या, सडसडीत, डोक्यावरचा पदर आणि हातातला मोबाइल दोन्ही सतत सावरणाऱ्या. मला त्या पहिल्या भेटीतच आवडल्या.

यंत्र पंचायतीसमोरच्या मोकळ्या पटांगणात उभं होतं. सिमेंटात रोवलेला एक लोखंडी खांब, त्यावर एक पांढरा डबा, डब्याच्या तोंडाशी मोठं नरसाळं. नरसाळ्यातून पाणी आत उतरतं, आत इवलंसं पारडं असतं, ते भरलं की कलंडतं, आणि किती वेळा कलंडलं ते मोजून यंत्र दर पंधरा मिनिटांनी नाशिकला कळवतं. मी हे सगळं गावाला समजावून सांगितलं. शेवटी जरा भरात येऊन म्हणाले, "हा नुसता डबा समजू नका. हा आजपासून तुमच्या गावातला एक माणूस आहे. उन्हातान्हात उभा राहून तुमचंच काम करणार आहे. याला आपला म्हणा." बायकांनी खूप टाळ्या वाजवल्या. भाषणाला अशा टाळ्या मला कॉलेजात कधी मिळाल्या नव्हत्या.

त्या वर्षी जुलैत पेरणीपुरता पाऊस झाला आणि मग आभाळ जे कोरडं झालं ते झालंच. ऑगस्ट उजाडला तरी पूर्वेकडे टिपूस नाही. मी मात्र, आता सांगायला लाज वाटते, थोडी खुशीत होते. माझी यंत्रं चोख काम करत होती. कार्यालयातल्या पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा असायचा, खंड वाढत जाईल तसा गावाचा ठिपका हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा लाल व्हायचा. एकविसाव्या दिवशी पूर्वेकडचे सगळे ठिपके लाल झाले. फक्त एक हिरवागार.

तो सरपंचबाईंच्या गावाचा होता. यादी निघायच्या दोनच दिवस आधी, भर दुपारी, तिथे बासष्ट मिलिमीटर पाऊस झाला होता. वीस मिनिटांत.

"बरोबर आहे मॅडम," साहेब म्हणाले, "पण उपग्रहाच्या चित्रात त्या दिवशी तिथे ढगच नाहीत."

हा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारला असता तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. साहेबांना मी म्हणाले, "ढग लहान असेल. हवामान बदलामुळे पाऊस असाच पडणार आहे आता, एका गावात धो धो आणि शेजारच्या गावात ठणठणाट. हेच तर मी तुम्हाला दोन वर्षं सांगतेय."

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. मी त्या ढगफुटीवर आराखड्यात एक रंगीत चौकट टाकली, आलेखासकट. शिवाय एका परिसंवादात तो आलेख पडद्यावर दाखवला आणि लोकांनी मोबाइलमध्ये त्याचे फोटो काढले. गावाचं नाव यादीत आलंच नाही. आजूबाजूच्या गावांत टँकर फिरायला लागले आणि या गावाला वळसा घालून पुढे जायला लागले. नियमच माझा होता, त्यामुळे कुणाला काही बोलायची सोय नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. सरपंचबाई. एकट्याच आल्या होत्या, पहाटेच्या बसने. नवऱ्याने पाण्याचा पेला आणून दिला. त्यांनी तो पूर्ण संपवला, खाली ठेवला आणि पेल्याकडे बघत बसल्या. मग माझी तब्येत विचारली. मग नवऱ्याची. मग बाहेरच्या कुंडीतल्या जास्वंदीची. मी वाट पाहत होते. ताकाला जाऊन भांडं लपवायचं असतं तेव्हा माणूस असंच बोलतो.

"मॅडम," शेवटी त्या म्हणाल्या, "आमच्या गावात पाऊस नाय झाला."

"झालाय," मी म्हणाले. "बासष्ट मिलिमीटर."

"नाय झाला. मी गावातच होते."

"यंत्राने नोंदवलाय."

"यंत्रानं नोंदवलाय, पण पडला नाय."

"ताई, पडल्याशिवाय नोंदवेल कसा?"

यावर त्या परत पेल्याकडे बघायला लागल्या. आत स्वयंपाकघरातून नवऱ्याचा खोकला आला. माझा आवाज चढला की तो असा खोकतो, एवढ्या वर्षांत त्याने तो खोकला चांगला घोटून ठेवलाय. मी आवाज खाली आणला आणि त्यांना पारडं कसं कलंडतं ते परत समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हिरीचा तळ दिसतोय, मॅडम," त्या म्हणाल्या. "बायका मला बोलत नायत. भांडल्या असत्या तर परवडलं असतं. मी हे यंत्र आणलं, तर आता माझ्या दारावरून जाताना तोंड फिरवून जात्यात. शेजारच्या गावात दोन दोन टँकर येत्यात. तुमी या आन् बघा. मग म्हणा पाऊस झाला."

मी दुसऱ्या दिवशी गेले. खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी नाही, माझ्या आलेखासाठी. बासष्ट मिलिमीटर पाऊस वीस मिनिटांत झाला असेल तर जमिनीवर खुणा राहतात. ओघळी पडतात, बांध फुटतात, गाळ साठतो. फोटो काढून आणू आणि साहेबांचं 'पण' कायमचं बंद करू, असा बेत. कार्यालयाची जीप घेतली आणि सोबत पाण्याचे लिटरचे दोन बाटले, कारण दुष्काळी भागात जाताना आपण आपलं पाणी न्यावं एवढी समज मला होती.

ओघळी नव्हत्या. बांध धड होते. शेतात बाजरी वीतभर वाढून तिथेच सुकली होती. नदी असं जिला नकाशात म्हटलंय त्या वाळूत एक म्हातारबाबा शेळ्या घेऊन बसले होते. मी जीप थांबवून विचारलं, "बाबा, इथे मध्यंतरी ढगफुटी झाली ना?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. ते बागलाणाकडचे होते, बोली तिकडची.

"मोबाइलवर उनी व्हती," ते म्हणाले. "म्हणे नदीमा जाऊ नका, पूर येई. पानीज नई शे, पूर कथाईन येई?"

यंत्राने ढगफुटी कळवल्यावर सावधगिरीचा संदेश आपोआप गावातल्या सगळ्या मोबाइलवर जातो. ती सोयही मीच सुचवली होती. कोरड्या नदीतल्या माणसाला मी पुराची भीती घातली होती, आणि त्याने बिचाऱ्याने त्या दिवशी खरोखरच शेळ्या वर आणल्या होत्या.

पंचायतीसमोर जीप थांबली. सरपंचबाई पुढे आल्या, पण त्यांच्या मागून मला यंत्र दिसलं आणि मी त्यांना 'नमस्कार' म्हणायचं विसरले. खांबाला हळदीकुंकू होतं. डब्याच्या कमरेला सुतळीने कडुनिंबाच्या डहाळ्या बांधलेल्या होत्या, वाळून खडखडीत झालेल्या. नरसाळ्याच्या काठाला सुकलेल्या पाल्याचा मुंडावळ्यांसारखा झुपका लोंबत होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

सरपंचबाई खाली बघायला लागल्या. कुंपणाला आम्हीच लावलेली पाटी होती, यंत्राला हात लावल्यास कायदेशीर कारवाई होईल अशी. आता मला कळलं त्या माझ्या घरी पेल्याकडे का बघत होत्या.

उत्तर दिलं ते पंचायतीच्या ओट्यावर बसलेल्या एका आजींनी, आणि त्यांच्या आवाजात लपवाछपवी अजिबात नव्हती. "धोंडी केला," त्या म्हणाल्या.

पाऊस ओढ देतो तेव्हा आपल्याकडे धोंडी काढतात. एखाद्याला कडुनिंबाच्या पाल्याने झाकायचं, दारोदार न्यायचं, प्रत्येक घरातल्या बाईने त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि पाऊस मागायचा. एवढं मलाही ठाऊक होतं. पण पर्जन्यमापकाचा धोंडी मी तीस वर्षांच्या नोकरीत ऐकला नव्हता.

"आता धोंडी व्हायला कोण तयार हाय?" आजी म्हणाल्या. "पोरं लाजत्यात. कोनी व्हिडिओ काढील म्हनत्यात. आमी बसलो इचार करत. धोंडी कसा पायजे, तर उघड्यावर उभा ऱ्हानारा, ऊन खानारा, कोन्या एकाच्या घरचा नाय, साऱ्या गावाचा. असा गावात हाय कोन? मग ही सरपंच म्हनली, नाशिकच्या बाई म्हनून गेल्यात, हा बी गावातला मानूसच हाय, याला आपला म्हना."

मी सरपंचबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"एरवी धोंडी दारोदार फिरतो," आजी समजावून सांगायला लागल्या, अगदी मी पारडं समजावून सांगते त्याच सुरात. "हा फिरनार कसा? सिमेंटात रोवल्याला. मग आमीच त्याच्याकडं आलो. घरटी एक तांब्या. सत्तर घरं."

"सत्तर तांबे? या नरसाळ्यात?"

"चाड्यात नेमकं कुठं पडतंय? निम्मं खांबावरून गेलं, निम्मं पाल्यावर. पर देवाला पोचलं. घंट्याभरात मोबाइलवर निरोप आला, पूर येनार म्हनून. आमी दोन दिस वाट पायली."

मी जीपच्या पायरीवर बसले. खिशातली वही काढून हिशेब केला, कारण घाबरले की मी हिशेब करते. त्या नरसाळ्याच्या तोंडाच्या मापाने आत दोन लिटर पाणी गेलं की यंत्राच्या लेखी बासष्ट मिलिमीटर पाऊस होतो. सत्तर तांब्यांतलं फक्त दोन लिटर आत गेलं होतं. यंत्राने ते अगदी बिनचूक मोजलं होतं. म्हणजे मी साहेबांना दिलेला शब्द खरा ठरला होता, यंत्र चुकलं नव्हतं, आणि ज्यांनी घरातलं पाणी देऊन पाऊस मागितला त्यांचाच टँकर त्या पाण्याने अडवला होता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो या गावाला मी नेमून दिला होता. मला रडू आलं. मी ते घामासारखं पुसलं.

साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं आणि बराच वेळ "बरोबर आहे मॅडम" एवढंच म्हणत राहिले. मग म्हणाले की नोंद रद्द करण्यासाठी नमुना भरावा लागतो आणि नमुन्यात कारणाचा रकाना असतो. गावकऱ्यांनी पाणी ओतलं असं लिहिलं तर ती सरकारी उपकरणाशी छेडछाड. त्यात पंचायतीवर कारवाई, म्हणजे सरपंचांवर. कारण लिहिलं नाही तर नोंद कायम, म्हणजे टँकर नाही.

"मग काय लिहू?"

"पर्याय तयार असतात, मॅडम. पक्ष्यांची विष्ठा असं लिहा. सगळे तेच लिहितात."

"साहेब, बासष्ट मिलिमीटर विष्ठा टाकणारा पक्षी आपल्या जिल्ह्यात असता तर त्याला बघायला परदेशातून लोक आले असते."

"बरोबर आहे मॅडम, पण..."

मी फोन ठेवला. सरपंचबाई जवळ येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मॅडम, माझ्यावर कारवाई झाली तर होऊ द्या," त्या म्हणाल्या. "पद गेलं तर जाऊ द्या. नाव यादीत घाला."

त्यांच्या त्या वाक्याने मी जी पेटले ती माझ्यावरच. पद जाऊ द्या म्हणे. ढगांशिवाय पाऊस पाडला मी, चौकट छापली मी, आणि पद जायचं ते हिचं? सोबत आणलेल्या यंत्राच्या फायलीतून मी नमुना काढला, जीपच्या बॉनेटवर पसरला आणि पहिल्यापासून वाचायला घेतला. तिसऱ्या पानावर, जिथवर कुणी कधी पोचत नाही, तिथे होतं: पावसाळ्याआधी प्रत्येक यंत्राचं कॅलिब्रेशन करावं, नरसाळ्यात मोजून पाणी ओतावं, तेवढीच नोंद येते का पाहावं, आणि ती नोंद पाऊस म्हणून धरू नये. खाली तारखेची आणि सहीची जागा. या यंत्राच्या कागदावर ती कोरी होती. ते काम कार्यालयाने करायचं होतं आणि कार्यालयाने कुठल्याच गावात केलं नव्हतं.

"ताई," मी म्हणाले, "तुमच्या बायकांनी आमचं राहिलेलं काम केलंय. फक्त पाणी मोजून ओतायचं राहिलं. ते आत्ता करू. म्हणजे यंत्र बरोबर आहे आणि त्या दिवशीचं पाणी ओतलेलं होतं, दोन्ही सिद्ध होईल. दोन लिटर पाणी आणा."

बोलून गेले आणि जीभ चावली. ओट्याभोवती जमलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी हललं नाही. सरपंचबाई अवघडून म्हणाल्या, "बघते मी, माझ्या घरात..."

"नको," मी म्हणाले आणि जीपमधले माझे बाटले काढले.

मी पंचायतीच्या शिडीवर चढले. डहाळ्या बाजूला केल्या, आतला पाला काढला. आजींनी खालून बजावलं की रिकाम्या तोंडाने ओतू नये, पाऊस मागावा. मी म्हटलं, आजी, ही शास्त्रीय चाचणी आहे. त्या म्हणाल्या, मग काय झालं, मागायला काय जातंय. मोजपात्र नव्हतं, म्हणून काठोकाठ भरलेले ते लिटरचे बाटलेच माप धरले, आणि पारड्याला दमाने कलंडता यावं म्हणून वीस मिनिटं सावकाश दोन्ही ओतले. पाऊसही मागितला. मनात. ते नमुन्यात लिहिलेलं नाही.

एक गोष्ट मी विसरले. चाचणीच्या वेळी यंत्राचा नाशिकशी संपर्क आधी तोडायचा असतो. मी शिडीवरून उतरते न उतरते तोच पटांगणातला प्रत्येक मोबाइल एकदम वाजला. सरपंचबाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं: अतिवृष्टीचा इशारा, नदी-नाल्यांजवळ जाऊ नये, झाडाखाली थांबू नये. भर उन्हाच्या वेळी पंधरा-वीस जणी पटांगणाच्या कडेच्या कडुनिंबाखाली उभ्या होत्या. आधी आजी हसल्या, मग सगळ्याच.

माझा फोन वाजला. साहेब.

"मॅडम, तुम्ही सुखरूप आहात ना? तिथे पुन्हा ढगफुटी झालीये. त्रेसष्ट मिलिमीटर."

"हो," मी म्हणाले. "मी केली. शिडीवर चढून. तुमच्या पडद्यावर ढग दिसतोय का कुठे?"

यावर साहेब जे म्हणाले त्यात 'पण' नव्हतं. "नमुना घेऊन या, मॅडम," ते म्हणाले. "सही मी करतो."

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: कॅलिब्रेशन. कोणी केलं: गावातील महिला, सत्तर. त्याखाली लिहिलं की ते पावसाळ्याआधी न झाल्याची जबाबदारी समितीच्या तज्ज्ञ सदस्याची, आणि माझी सही केली. ही जबाबदारी तशी माझी नव्हती, पण कुणाची तरी सही लागणार होती आणि मला त्या आठवड्यात कुठेतरी सही करायचीच होती. साहेबांनी ते वाचलं, आपली सही केली आणि वर चहा पाजला.

पुढच्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं की आराखड्यातली रंगीत चौकट काढा, ती ढगफुटी तांब्याची होती. दिंडोरीचे बागायतदार इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. हसू देत. मी त्याच दमात चौकटीच्या जागी एक ओळ घालून घेतली: यंत्राची नोंद आणि गावाचं म्हणणं जुळत नसेल, तर गावाचं नाव कापण्याआधी कुणीतरी जाऊन बघावं. कळवणचे सदस्य म्हणाले, एवढी साधी गोष्ट आराखड्यात कशाला लिहायची. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुढे बोलले नाहीत. घरी नवऱ्याला सगळं सांगितलं, तर तो खोकलासुद्धा नाही.

पुरवणी यादी निघाली. सगळं मिळून त्या गावाचे सोळा दिवस गेले होते.

टँकर सुरू व्हायच्या दिवशी मी सकाळपासून फोनपाशी बसून होते. यादीत नाव आलं म्हणजे गावात पाणी आलं असं समजण्याइतकी मी आता शहाणी राहिले नव्हते. दहा वाजले, अकरा वाजले. बाराच्या सुमारास सरपंचबाईंचा फोन आला, पण बोलणं काही ऐकूच येईना. नुसता गलका. बायका एकमेकींवर ओरडत होत्या, भांडी आदळत होती, कुणीतरी कुणाच्या तरी माहेराचा उद्धार करत होतं. मला धडकी भरली.

"ताई, काय झालं? टँकर नाही आला का?"

"आलाय ना," त्या ओरडून म्हणाल्या. "ऐका."

त्यांनी फोन त्या गलक्याकडे धरला. मी ऐकत राहिले. मग त्यांचा आवाज परत जवळ आला.

"सोळा दिस गावात कोनी भांडलं नव्हतं, मॅडम. भांडायला पानीच नव्हतं. आता ती कोपऱ्यावरची मला शिव्या देतीये, माझा हंडा तिच्या पुढं लागला म्हनून." त्या हसत होत्या. "ठेवते आता. सरपंच असले तरी नंबर जातो."